शेवटच्या तीन ओळी

३ जून

प्रिय छबूस,

दादाचा आशीर्वाद. आधी हजेरी घेतो, मग बोलू. तुझे गुडघे कसे आहेत? शिलाई मशीनचं पायडल मारून मारून त्यांची चाळण झाली असेल, पण तू कुणाचं ऐकायची नाहीस. चष्म्याचा नंबर तपासलास का? बाळीचा खोकला गेला? जावईबापूंचा खांदा धरला होता, तो सुटला का? आणि आमची चिमणी? पुढचा दात पडला की अजून लोंबकळतोच आहे? प्रत्येकाचं वेगळं लिही. ‘सगळे मजेत’ असं एका ओळीत गुंडाळू नकोस. जागा वाचवायला तसलं गुंडाळणं मी छापखान्यात रोज करतो, मला त्यातली लबाडी कळते.

तुझी वहिनी बरी आहे. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेते आणि मला वेळेवर बोलते. दोन्ही तिला मानवतं. माझं खिळे उचलायचं बोट सकाळी जरा आखडतं. सदतीस वर्षं शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळी जुळवतोय, बोटाने एवढी तक्रार करायला हरकत नाही.

आमच्या साप्ताहिकात वकीलसाहेबांचं ‘विचारा, सांगतो’ सदर जोरात आहे. लोक काय काय विचारतात! एकाने लिहिलं, शेजाऱ्याच्या झाडाची फांदी माझ्या गच्चीवर येते, फळं कोणाची? साहेबांचं उत्तर: झाड त्याचं, सावली तुमची, फळांचं मात्र बोलून मिटवा. दुसरा विचारतो, लग्नात सासऱ्याला दिलेलं घड्याळ परत मागता येईल का, कारण सासरा हल्ली वेळेवर जेवायला बोलावत नाही. हसून हसून माझ्या हातातल्या खिळ्यांचा सडा पडला. चौथीत शाळा सुटली माझी, पण ही उत्तरं जुळवून जुळवून मी अर्धा वकील झालोय. साहेबांची शेवटची ओळ तर पाठ आहे: ‘तरी वाचकांनी तज्ज्ञांचा सल्ला घेऊनच पुढील पाऊल उचलावे.’ जागा कमी पडली की मी तेवढंच शेपूट छाटतो. साहेब म्हणतात, ‘जुळारी, तुमच्या पेन्सिलीला कायदा कळतो.’

जावईबापूंना सांग, मालक अजून त्यांच्याच वखारीतला कागद घेतात आणि हा मुलगा मी शोधला म्हणून मी अजून मिरवतो. कोऱ्या कागदासारखा, एक डाग नाही.

पत्राची वाट पाहतो.

तुझा दादा

---

११ जून

प्रिय दादा,

घे हजेरी. माझे गुडघे जिथे होते तिथेच आहेत. चष्मा बदलला नाही. सुईत दोरा चिमणी ओवून देते, मग नंबर वाढला काय नि राहिला काय. तिचा दात पडला. मशीनखाली बसून बटणं निवडताना पडला आणि तिने तो बटणांच्या डब्यातच टाकला. दोन डोळ्यांची बटणं वेगळी, चार डोळ्यांची वेगळी, असा तिचा कारभार असतो. बाळीचा खोकला गेला. दोघी सध्या माझ्याकडेच आहेत, हवापालटाला. जावयांचं बरं असावं.

शाळा उघडायच्या आत चाळीस गणवेश द्यायचेत, त्यामुळे थोडक्यात लिहिते.

एक विचारायचं होतं. आमच्या शेजारणीला तुमच्या त्या सदरात पत्र पाठवायचंय. नाव छापलं नाही तर चालतं का? उत्तर यायला किती दिवस लागतात? तिला वकिलाकडे जायची लाज वाटते. इथे वकिलाच्या पायरीवर चप्पल दिसली की संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं ती कोणाची. मी तिला म्हटलं, माझा भाऊच आहे तिथे, काळजी करू नकोस.

वहिनीला नमस्कार. तिच्याशी भांडू नकोस.

छबू

---

२७ जून

प्रिय छबूस,

तुझ्या शेजारणीला सांग, नाव नसलं तरी चालतं. निम्म्या लोकांची नावं नसतातच. या आठवड्यात असंच एक आलंय. सही नुसती ‘एक आई’. वाचून माझा जीव तीळ तीळ तुटला आणि रागही आला.

लेक आठ महिन्यांपूर्वी लहान मुलाला घेऊन माहेरी आली. नवऱ्याने गुपचूप कोर्टात दावा लावला की मुलाचा ताबा मला द्या. नोटीस कुठे धाडली? स्वतःच्याच घरी! आणि आपणच दारात उभं राहून तिच्यावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा लिहून घेतला. कोर्टाला वाटलं, बाई मुद्दाम येत नाही. दिला हुकूम एकतर्फी: मूल बापाकडे. आठ जूनला हुकुमाची प्रत हातात पडली तेव्हा या बायकांना पहिल्यांदा कळलं.

मी तुझ्या वहिनीला म्हटलं, अगं, लेक देताना या आईने डोळे कुठे गहाण टाकले होते? माणूस आधी पारखून घ्यायला नको? वहिनी म्हणाली, ‘तुम्हाला फार कळतं.’ तिचं हे नेहमीचंच.

साहेबांनी उत्तर मात्र झकास दिलंय. कात्रण सोबत जोडतो, तुमच्या गल्लीत कुणाच्या तरी कामाला येईल. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून उतरवूनही देतो, कात्रण हरवलं तर असावं:

‘एकतर्फी हुकूम त्याच न्यायालयात अर्ज देऊन रद्द करून घेता येतो. नोटीस मिळाली नव्हती, हे कागदोपत्री दाखवावे लागेल. त्यासाठी पोस्टाचा, राहत्या जागेचा व मुलाच्या शाळेचा दाखला गोळा करावा. अर्धवट कागदांवर अर्ज देऊ नये. तो टिकत नाही.’

उत्तर याहून लांब होतं. पण ऐन वेळी कापडवाल्या शेटजींच्या वडिलांच्या निधनाची काळी चौकट आली. मशीन थांबलेलं, मालक डोक्यावर उभे. मी साहेबांच्या कागदावरच नेहमीप्रमाणे शेवटच्या तीन ओळींवर लाल पेन्सिल ओढली आणि बाकीचं जुळवून टाकलं. तेवढ्या जागेत चौकट बसली. शेटजींचे वडील नव्वद वर्षं जगले आणि शेवटी माझ्याकडे जागा मागायला आले!

चिमणीला सांग, दात जपून ठेव. मामाआजोबा आले की बघतील.

लगेच लिही.

दादा

---

६ जुलै

प्रिय दादा,

कात्रण मिळालं. फार उपकार झाले. शेजारणीने मशीनच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलंय, म्हणजे झाकण उघडलं की समोर. तिचंही दुखणं साधारण त्या आईसारखंच आहे.

ती एकेक कागद गोळा करतेय. पोस्टमास्तर आधी दाखला देईना. तीन खेपा घातल्या, चौथ्या खेपेला त्याच्या शर्टाची कॉलर उलटवून दिली तेव्हा दिला. घरमालकानेही लिहून दिलं. शाळेचा तेवढा राहिलाय. बाई रजेवर आहेत, पंधरा तारखेनंतर येतील. तिची लेक म्हणत होती, आहे तेवढ्यावर देऊन टाकू, मला धीर धरवत नाही. मी म्हटलं, उतावीळ होऊ नका. स्पष्ट छापलंय ना, अर्धवट कागदांवर टिकत नाही? कापड पूर्ण असल्याशिवाय कात्री लावायची नसते. थांबली मग ती.

चिमणीला नवा फ्रॉक बेतलाय. झपाट्याने वाढतेय, म्हणून खालच्या दाबात चार बोटं जास्तीचं कापड ठेवलंय. दोन वर्षं तरी उसवून वाढवता येईल.

तुझ्या बोटाला शेक दे.

छबू

---

१९ ऑगस्ट

प्रिय छबूस,

सहा आठवडे झाले, तुझं पत्र नाही. रुसलीस का? गुडघे, चष्मा, बाळी, जावई, चिमणी, सगळ्यांची हजेरी शिल्लक आहे. वहिनी रोज विचारते, मी रोज पोस्टमनला दोष देतो.

एक गंमत राहिली विचारायची. तुझी शेजारीणही शिवणकाम करते का गं? मशीनच्या झाकणाला कात्रण लावलं म्हणालीस. एकाच गल्लीत दोन मशिनी, मग गिऱ्हाईक कुणाचं?

जावईबापू परवा वखारीतून कागद घेऊन आले होते. मी चहा पाजला. बाळी कधी येणार विचारलं, तर हसले नुसते. खांदा सुटलेला दिसला. आल्या पावली गेले, घाईत होते.

दोन ओळी लिही, पण लिही.

दादा

---

३० ऑगस्ट

दादा,

तू त्यांना चहा पाजलास.

गल्लीत मशीन एकच आहे. शेजारीण नाही. ती ‘एक आई’ मी होते. पत्र समोरच्या शिकवणीवाल्या बाईंकडून लिहून घेतलं आणि नातीचा नातू केला, म्हणजे तुला वास लागणार नाही.

बाळी हवापालटाला आली नव्हती. तो कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. चिमणीलाही आतच. एकदा पोर तापाने फणफणली, बाळी खिडकीतून हाका मारत राहिली, कोणी आलं नाही. संध्याकाळी तो आला आणि हाका का मारल्यास म्हणून तिला बोलू नये ते बोलला. दुसऱ्या दिवशी कुलूप लावायला विसरला, तेव्हा ती नेसत्या कपड्यांनिशी निघून आली. तुला का नाही कळवलं? स्थळ तू आणलं होतंस. बाळीने शपथ घातली, मामाला सांगायचं नाही, त्याला झोप लागणार नाही. मलाही वाटलं, गुपचूप मिटलं तर तुझ्या कानावर जायलाच नको.

मिटलं नाही. शाळेच्या बाई एकोणीस तारखेला आल्या, दाखला मिळाला, बावीस जुलैला सगळे कागद पिशवीत घालून कोर्टात गेलो. कारकुनाने चाळले. म्हणाला, ‘आजी, कागद एक नंबर आहेत. पण हुकूम कळला आठ जूनला, मुदत तीस दिवसांची. आठ जुलैला संपली. दोन आठवडे कुठे होतात?’ मी म्हटलं, कागद गोळा करत होते. शेजारचा कारकून हसला. मग वकील धरला, पायरीवर चप्पल काढून, सगळ्या गल्लीदेखत. तोही म्हणाला, फार उशीर. अकरा ऑगस्टला अर्ज फेटाळला. न्यायाधीश एवढंच म्हणाले: मुदतीबाहेर.

सोळा तारखेला बेलीफ आला, बरोबर एक पोलीस बाई आणि तो. चिमणी मशीनखाली बसली होती. बाहेर येईना. मशीनचा पाय धरून बसली. पोलीस बाईंनी एकेक बोट सोडवलं. त्या बाई वाईट नव्हत्या, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. तो दारात घड्याळ बघत उभा होता. फ्रॉकचा एक खांदा शिवायचा राहिला होता, म्हणून तो देता आला नाही.

बाळी जेवत नाही, बोलत नाही.

तुझ्या वकीलसाहेबांना एवढंच विचार. बाकी सगळं सांगितलंत, पोस्ट, घर, शाळा. मग मुदतीचं का नाही सांगितलंत? एका ओळीचं काम होतं. आम्ही अडाणी, पण सांगितलेलं ऐकणारी माणसं आहोत. विचारून कळव.

छबू

---

५ सप्टेंबर

छबे,

विचारलं. त्यांनी सांगितलं होतं.

छापून झालेले हस्तलिखित कागद आम्ही वर्षभर भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवतो. तुझं पत्र वाचून तसाच उठलो, छापखान्यात गेलो, तारेवरून जूनचा गठ्ठा उतरवला. साहेबांच्या हस्ताक्षरात तो कागद आहे. मी जुळवलं तिथपर्यंत जसाच्या तसा. पुढे तीन ओळी, त्यांवर माझी लाल पेन्सिल. त्या ओळी अशा:

‘मात्र हा अर्ज हुकूम कळल्यापासून तीस दिवसांच्या आत न्यायालयात पोहोचलाच पाहिजे. मुदत संपत आली असल्यास कागदांसाठी थांबू नये. आहे त्या कागदांवर अर्ज द्यावा व उरलेले नंतर जोडावेत.’

मी कापल्या. वाचल्याही नाहीत. शेवटची ओळ म्हणजे उपदेश, हे माझ्या हातात इतकं बसलं होतं की डोळ्यांना विचारायची गरज वाटली नाही. वर तुला फुशारकी मारून कळवलं. तुला, त्या आईला नावं ठेवली. लेक देताना डोळे कुठे होते म्हणून विचारलं, आणि स्थळ आणलं होतं मी.

वहिनीला सांगितलं. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

साहेबांपुढे कागद ठेवला. त्यांनी लाल रेघेखालच्या तिन्ही ओळी वाचल्या. मग म्हणाले, ‘जुळारी, पेन्सिलीला कायदा कळतो असं मीच म्हणत होतो ना? मग निम्मा गुन्हा माझा.’ त्यांनी वाट सांगितली, ती नीट वाच. उशीर का झाला याचं खरं आणि पुरेसं कारण दाखवलं तर कोर्टाला तो माफ करता येतो. तसा नवा अर्ज द्यायचा. त्याला हा कागद जोडायचा, छापलेलं कात्रण जोडायचं आणि ओळी मी कापल्या हे मी शपथेवर सांगायचं. साहेब स्वतः अर्ज लिहून देताहेत, आजच. तुझा तिथला वकील तो दाखल करील. यात एक दिवसही घालवू नका.

मालकांना विचारावं लागलं, कारण कागद छापखान्याचा. ते म्हणाले, ‘कोर्टात आपल्या पेपरचं नाव गेलं तर सदर बंद, इभ्रत गेली. हा कागद इथून बाहेर गेला तर तुम्हीही त्याच्याबरोबर बाहेर.’ कागद माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात आहे. चष्म्याचं घर आणि चहाचा पेला घरी आणलाय.

तारीख लागली की कळव, मी येतो. तुझ्या घरी उतरत नाही, धर्मशाळेत राहीन. बाळीसमोर यायचं माझं तोंड नाही.

लिही गं.

दादा

---

२ नोव्हेंबर

दादा,

निकाल सत्तावीस ऑक्टोबरला लागला. तू साक्ष देऊन परत गेलास, वहिनीचं दुखणं होतं म्हणून, तेव्हा निकाल तुला मी कळवायचा ठरलं होतं. सहा दिवस हात धजला नाही.

अर्ज फेटाळला.

त्यांच्या वकिलाने तुला विचारलं होतं ना, ‘कापायच्या आधी ओळी वाचल्या होत्यात का?’ तू म्हणालास, ‘नाही साहेब, वाचल्याच नाहीत.’ मला वाटलं होतं, खरं बोललास त्याचं कोर्टाला काही वाटेल. वाटलंही. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं, की साक्षीदार प्रामाणिक आहे. पण पुढे म्हणाले, वर्तमानपत्रातलं सदर म्हणजे वकिलाचा सल्ला नव्हे. ज्या बाईला दाखले गोळा करायला सहा आठवडे मिळाले, तिला वकिलाच्या दारात जायला एक दुपार मिळाली नाही?

त्यांचं खरं आहे, दादा. वाटेत तीन वकिलांच्या पाट्या आहेत. मी रोज त्यांच्यासमोरून दोऱ्याची रिळं आणायला जात होते. माझा भाऊ पेपरात आहे, या तोऱ्यात जात होते.

महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी, दोन तास भेटायची परवानगी दिलीय, कोर्टाच्याच एका खोलीत. एक बाक, एक टेबल, दारात कारकून. परवानगी मिळण्याआधी त्यांच्या वकिलाने मेहरबानी म्हणून एकदा भेट घडवली होती. चिमणी बाळीच्या मांडीवर बसली पण सारखी दाराकडे बघत होती. जायच्या वेळी तिने विचारलं, ‘आज्जी, तू कागद नीट नव्हते का दिले?’ कोणी शिकवलं असेल ते कळलं मला.

मी तुझ्यावर चिडलेली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मी चाळीस वर्षं कापड कापतेय. कापड कमी पडलं तर मी गिऱ्हाईकाला निरोप धाडते, बाई, बाही आखूड होईल, चालेल का? न विचारता कापत नाही, दादा. कुणाच्या लंगोटाचं असलं तरी कापत नाही.

तू छापखाना सोडलास, भर कोर्टात मान खाली घालून उभा राहिलास, ते सगळं दिसतं मला. बाळीलाही दिसतं. पण घरात तुझं अक्षर आलं की ती उठून आत जाते. काही दिवस पत्र पाठवू नकोस.

वहिनीची काळजी घे.

छबू

---

९ डिसेंबर

छबू,

पहिली ओळ आधी वाच: सव्वीस डिसेंबरच्या आत बाळीची सही वरच्या कोर्टात पोहोचली पाहिजे.

पत्र पाठवू नकोस म्हणालीस, पाठवणार नव्हतो. महिनाभर पाळलं. पण सत्तावीस ऑक्टोबरच्या निकालावर वर अपील करता येतं आणि त्याला साठ दिवस असतात. साहेबांकडून तीनदा मोजून घेतले. मग घरी येऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून मी स्वतः मोजले. आज त्रेचाळिसावा दिवस. हे पत्र तुला तेराला मिळेल. उलट टपालाने निघालं तर इथे साहेबांकडे अठराला, ते लगेच वरच्या कोर्टात देतील. मध्ये आठ दिवस हाताशी राहतात, पण ते नाहीतच असं समज.

अपील साहेबांनी तयार केलंय, सोबत आहे. तीन ठिकाणी फुल्या मारल्यात, तिथे बाळीने सही करायची. कुठलाही दाखला जोडायचा राहिला असं वाटलं तरी थांबायचं नाही. नंतर जोडता येतो. मी साहेबांना पुन्हा पुन्हा विचारलं आणि त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं. तो कागदही सोबत आहे.

खोटी आशा लावत नाही. साहेब म्हणतात, सोळा आण्यांतली दोन आणे बाजू आपली. पण नोटीस त्याने कशी अडवली हे खालच्या कोर्टाने एकदाही ऐकून घेतलं नाही, मुदतीच्या दारातूनच परत पाठवलं. वरच्या कोर्टाने दार उघडलं तर ते कुलपाचं सगळं सांगता येईल.

आता हजेरी. गुडघे? थंडीत शेकतेस ना? चष्मा बदल गं, आता सुईत दोरा कोण ओवतं? बाळी जेवते का? दुसऱ्या रविवारी चिमणीला कशात बघितलंस, त्या फ्रॉकात का? दाब किती बोटं उसवलास? दुसरा दात हलतोय का? जावयाचं मी विचारत नाही.

वहिनीला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं, आता घरी आहे. बोलते माझ्याशी. थोडं बोलते, पण बोलते. माझं बोट आता आखडत नाही, त्याला काम नाही.

सदर बंद झालं नाही आणि साप्ताहिकाने चूक दुरुस्तीही छापली, साहेब अडून बसले म्हणून. नवा जुळारी नव्हता मिळाला, मालकांनी मलाच बोलावलं तेवढ्यापुरतं. जागा चार ओळींची दिली आणि दुरुस्ती होती सहा ओळींची. मालक म्हणाले, ‘शेवटच्या दोन उडवा, लोकांना कळतं.’ मी शिसं खाली ठेवलं. म्हटलं, जागा होईपर्यंत मी उभा आहे. तासभर उभा होतो. शेवटी त्यांनी केसांच्या तेलाची जाहिरात काढली. सहाच्या सहा ओळी छापल्यात. त्याने चिमणी परत येत नाही, हे मला कळतं. पण आणखी कुठे कुणी आई कात्रण चिकटवून बसली असेल तर तिच्यासाठी म्हणून.

आता मी दुपारी साहेबांच्या बैठकीत बसतो. लोकांची पत्रं फोडतो, वाचतो, शेवटपर्यंत वाचतो. साहेबांनी उत्तर लिहायची रीत बदललीय. आधी मुदत, मग बाकीचं. परवा एकाने विचारलं, शेजाऱ्याचा कुत्रा माझ्या दारात बसतो, काय करू? साहेबांनी सवयीने सुरुवात केली, ‘यास मुदत नाही.’ आम्ही दोघेही हसलो नाही.

बाळी सही करताना माझं अक्षर तिच्या नजरेला पडू नये म्हणून अपिलावर मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. फुल्यादेखील साहेबांच्या हातच्या आहेत. हे पत्र तू वाच आणि हवं तर टाकून दे. सोबत एक पाकीट आहे, त्यावर पत्ता आणि तिकीट दोन्ही आहे. मला काही लिहायला हवं असं नाही. सह्या झाल्या की घडी घाल, पाकिटात टाक, पेटीत टाक.

तेवढं लवकर कर. उत्तर पाठव.

दादा